जिथे ती गुप्त झाली

आमच्या घरात देवाविषयी दोन मते होती आणि ती रोज संध्याकाळी एकाच पंगतीला जेवायला बसत. वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, अमळनेरजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. देव आहे की नाही हा प्रश्न त्यांना आयुष्यभर महत्त्वाचा वाटला, पण देवळात जाणे त्यांनी विशीतच सोडून दिले होते. माय कधी शाळेत गेली नाही. देव आहे की नाही हा प्रश्न तिला पडला नाही, आणि दरवर्षी महाशिवरात्रीच्या सुमारास ती शंभराहून अधिक किलोमीटरचा एसटीचा प्रवास करून मुक्ताईच्या दर्शनाला कोथळीला जात राहिली. मी गणित शिकवते, आणि लहानपणापासून मी स्वतःला नानांच्या बाजूची समजत आले. पन्नाशी उलटल्यावर मी बाजू बदलली आहे असे नाही, परंतु ती बाजू नेमकी कोणती होती हे पुन्हा तपासून पाहावेसे वाटू लागले आहे.

अमळनेर हे गाव या बाबतीत विलक्षण आहे. बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांची वाडी आहे आणि वैशाखात, नदीचे पात्र कोरडे ठणठणीत पडलेले असताना, त्याच पात्रात यात्रा भरते. एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. आणि त्याच गावात 1916 साली श्रीमंत प्रताप शेठ यांनी, म्हणजे मोतीलाल माणेकचंद यांनी, तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. कापडगिरणीच्या मालकाने धर्मशाळा किंवा देऊळ बांधावे ही रीत झाली. पण या गृहस्थाने अंतिम सत्याचा विचार करण्यासाठी माणसांना छात्रवृत्ती देऊन बसवले, हे मला आजही नवलाचे वाटते. तिथून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघत असे. जी. आर. मलकानी यांनी तिथे आयुष्य वेचले, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगालमधला मोठा तत्त्वचिंतक विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात काही काळ तिथे संचालक म्हणून येऊन राहिला. ज्या खानदेशाची ओळख बाहेरच्यांना केळी, कापूस आणि उन्हाळा एवढ्यापुरतीच असते, तिथे एकेकाळी शांकर अद्वैतातल्या अज्ञान या संकल्पनेवर वर्षानुवर्षे वाद चालत, हे सांगितले तर माझ्या विद्यार्थ्यांना ती मी रचलेली गोष्ट वाटते.

नाना प्रताप महाविद्यालयात शिकत असताना त्या वास्तूच्या ओढीने तिकडे जाऊन बसत. तिथल्या ग्रंथांतले आपल्याला निम्मेही कळले नाही असे ते मोकळेपणाने सांगत. मात्र जे कळले ते त्यांनी घट्ट धरून ठेवले. माणूस सत्य शोधायला निघतो तेव्हा शोधायची वस्तू कुठेतरी दूर ठेवलेली आहे असे तो गृहीत धरतो, आणि सगळा घोटाळा त्या गृहीतात असतो, हे त्यांचे आवडते सूत्र होते. ते म्हणत की चष्मा डोळ्यांवर असताना तो घरभर शोधणाऱ्या माणसाला चष्मा सापडत नाही, त्याला फक्त शोधणे थांबवावे लागते. मी लहान असताना मला हा विनोद वाटे. पुढे मला त्यातली अडचण दिसू लागली: शोधणे थांबवल्यावर चष्मा सापडला असे नानांच्या बाबतीत झालेले मला कधी दिसले नाही. ते शेवटपर्यंत अस्वस्थच राहिले. रात्री दोनला उठून अंगणात खाटेवर बसलेले नाना मी अनेकदा पाहिले आहेत. काय करता म्हणून विचारले की, झोप येत नाही, एवढेच उत्तर मिळे.

साने गुरुजीही तरुणपणी तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला म्हणूनच त्या मंदिरात आले होते. तिथे ते फार काळ रमले नाहीत. 1924 मध्ये ते गावातल्या शाळेत शिक्षक झाले, पुढे वसतिगृहातल्या मुलांच्या अंथरुणांच्या घड्या घालू लागले, आणि 1930 मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. नानांच्या पिढीच्या मास्तरांना गुरुजी हे घरातल्या वडीलधाऱ्यासारखे होते. पण मला या क्रमाचे कुतूहल वेगळ्या कारणाने वाटते. ब्रह्माचा विचार करायला आलेला माणूस मुलांच्या खोल्या झाडू लागतो आणि अखेर देवळाच्या दाराशी, स्वतःसाठी नव्हे तर दुसऱ्या कुणाला आत जाता यावे म्हणून, उपाशी बसतो. यात त्याचा शोध सुटला म्हणायचे की जागेवर आला म्हणायचे, हे मला ठरवता आलेले नाही. नाना म्हणत, सुटला. माय गुरुजींविषयी एवढेच म्हणे की भला माणूस होता, पण फार रडायचा.

मायचे माहेर तापीकाठचे, तेव्हाच्या एदलाबाद तालुक्यातले, ज्याला आता मुक्ताईनगर म्हणतात. साठ वर्षे बोरीच्या काठी काढल्यामुळे ती अहिराणी बोलते, पण रागावली की तोंडात माहेरची बोली येते. आखाजी हा खानदेशातल्या लेकीबाळींचा सण आहे. वैशाखाच्या रणरणत्या उन्हात भाऊ किंवा मुऱ्हाळी न्यायला येतो, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि पितरांसाठी घागर भरली जाते. आखाजी जवळ आली की मायच्या हालचालींत एक प्रकारची घाई येत असे. ती काही बोलत नसे, पण दाराची कडी वाजली की हातातले काम टाकून उठे. मराठी संतांनी पंढरीला माहेर म्हटले, त्यावर मोठमोठी प्रवचने मी ऐकली आहेत, पण त्या शब्दाचा अर्थ मला कळला तो कडीच्या आवाजाला उठणाऱ्या मायकडे पाहून. सासरी तिला जाच नव्हता. उणे काही नव्हते. तरीही हे आपले घर नव्हे, कुठेतरी आपले दुसरे घर आहे आणि तिथून कुणीतरी येणार आहे, ही जाणीव तिच्या सुखाच्या दिवसांतही एखाद्या बारीक तापासारखी अंगात राहत असे.

पुढे आजी-आजोबा गेले, मामा गेले, शेत वाटले गेले आणि घर विकले गेले. आखाजीला न्यायला येणारे कुणी उरले नाही. तेव्हापासून मायचे कोथळीला जाणे अधिक नेमाचे झाले. याचा संबंध मी फार उशिरा लावला.

एका वर्षी ती निघण्याच्या तयारीत असताना नानांनी, वर्तमानपत्र खाली न ठेवता, तिला विचारले, "इतली गर्दीमा जाईसन काय मांगस तू तिनाकडे?"

माय पिशवीत लुगडे कोंबत होती. ती म्हणाली, "मांगाले नही जात, भेटाले जास."

"मंग भेटस का ती?"

"नही भेटत, म्हनीसन त दरसाल जानं पडस."

नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. त्यांनी त्यावर काही म्हटले नाही. पण मी तेव्हा महाविद्यालयात होते आणि मला आठवते की त्या रात्री ते पुन्हा अंगणात बसले होते.

मुक्ताईकडे जाणाऱ्यांची ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. चार भावंडांपैकी तिघांच्या समाधीचा ठाव आहे: ज्ञानदेव आळंदीला, सोपान सासवडला, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरला. मुक्ताईची मात्र परंपरेने वेगळी नोंद ठेवली आहे. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली, आणि पुढच्याच वर्षी, 1297 च्या वैशाख वद्यात, तापीच्या काठी वीज कडाडली आणि ती गुप्त झाली. परंपरा सांगते ते जन्मसाल धरले तर तिचे वय तेव्हा 18 होते. बोलताना आपण समाधिस्थान म्हणतो खरे, पण शब्द आहे तो गुप्त होणे, अंतर्धान पावणे. कोथळीला तिचे जुने मंदिर आहे, मेहूणलाही आहे. दोन्ही गावे तिच्यावर हक्क सांगतात आणि दोघांपैकी कुणालाच तो सिद्ध करता येत नाही, कारण सिद्ध करण्यासाठी जे मागे राहायला हवे तेच राहिलेले नाही.

ही कथा पुराणी बाजाची वाटते, पण वैशाखाच्या उतरंडीला ज्याने तापीकाठ पाहिला आहे त्याला तिच्यात वीज का आली असावी हे सांगावे लागत नाही. पंचेचाळीस अंशांपर्यंत तापलेला दिवस असतो, झाडाचे पान हलत नाही, आणि दुपारनंतर पश्चिमेकडून काळपट पिवळा धुरळा उठतो. अर्ध्या तासात वादळ येते आणि उभ्या केळीच्या बागा आडव्या करून निघून जाते. माझ्या मामांची एक बाग अशीच गेली होती. घड धरलेली झाडे होती, महिनाभरात काढणी होणार होती. वादळ गेल्यावर मामा बांधावर उभे होते आणि आकाश इतके निरभ्र झाले होते की काही घडलेच नाही असे वाटावे. असे असणे आणि लगेच नसणे आमच्याकडच्या माणसाला नवे नाही, आणि म्हणूनच कदाचित, जी सापडत नाही तिच्या नावाने गाव वसवणे त्याला विसंगत वाटत नाही. त्याच मुक्ताईची पालखी ज्येष्ठात निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत, पाचशे किलोमीटरांहून अधिक चालत, महिनाभराने पंढरपूरला पोचते. वारीतल्या मानाच्या पालख्यांत एवढ्या लांबून येणारी पालखी क्वचितच असेल.

कोथळीहून थोड्याच अंतरावर तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे आणि संगमावर चांगदेवांचे जुने दगडी मंदिर. चांगदेवांची कथा सर्वांना ठाऊक आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेला हा माणूस ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यालाच अडला. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे तर ज्ञानाने ते थोर. तीर्थरूप लिहावे तर समोर पोरसवदा मुलगा. अखेर त्याने कोरा कागद पाठवला, आणि मुक्ताई हसून म्हणाली की इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, आणि चांगदेव शेवटी त्या हसणाऱ्या मुलीचाच शिष्य झाला.

कीर्तनकार या कथेत चांगदेवांना नेहमी हास्यास्पद करतात. मला ते पटत नाही. मुक्ताईला हसण्याचा अधिकार होता. आपल्याला तो आहे असे वाटत नाही, कारण आपण तर मायना बेधडक लिहून मोकळे होतो. देवाला आई, बाप, मालक, मित्र काय हवे ते म्हणतो आणि पुढच्याच ओळीत बदलीचे, लग्नाचे, गुडघेदुखीचे गाऱ्हाणे मांडतो. चांगदेवांना निदान एवढे कळले होते की ज्याला लिहायचे त्याच्याशी आपले नाते काय हेच आपल्याला ठाऊक नाही. आणि तरीही त्यांनी कागद पाठवला. लिहायला जमत नाही म्हणून न पाठवता ठेवला नाही, यात मला त्यांची सगळी तळमळ दिसते. मी स्वतः प्रार्थना करत नाही. पण करायची वेळ आली तर माझ्याही हातून असाच कागद जाईल.

त्या पासष्ट ओव्यांत एके ठिकाणी मिठाच्या खड्याचा दृष्टान्त आहे: पाण्याची खोली मोजायला मीठ आत शिरले, तर तेच उरले नाही, मग माप घ्यायचे कुणी? नानांना हा दृष्टान्त प्राणांहून प्रिय होता. त्यांच्या चष्म्याच्या विनोदापेक्षा तो कितीतरी खोल आहे हे त्यांनाही मान्य होते. चष्म्याच्या गोष्टीत शोधणारा शाबूत राहतो आणि थोडा खजील होतो. मिठाच्या गोष्टीत तो परत येत नाही. नाना म्हणायचे की मला पाण्याची खोली कळायला हवी आहे, पण विरघळायला नको आहे, आणि दोन्ही एकदम मिळत नाही. हे ते हसत म्हणत, पण हे त्यांचे खरे दुःख होते असे आता वाटते.

कानबाईविषयी लिहिल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई येते. नारळाला देवी मानतात, तिला नथ, डोरले, लुगडे घालून सजवतात, चौरंगावर बसवतात. रोटांसाठी घरातल्या माणसांच्या हिशेबाने गहू मोजून घेतात. सुरत, पुणे, मुंबईला पोटासाठी गेलेले भाऊबंद त्या दिवसापुरते घरी येतात. रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेऊन निरोप देतात. म्हणजे सगळा थाट एका रात्रीचा. लहानपणी मी मायला विचारले होते की हिला आठ दिवस ठेवले तर काय होईल. माय म्हणाली होती की पाहुणीला रोज ठेवले तर तिलाही भांडी घासावी लागतील. विसर्जनाहून परतताना बायका नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत, आणि घरात आल्यावर रिकाम्या चौरंगाकडे कुणी फारसे पाहत नसे. तो चौरंग मायच नेहमी उचलून ठेवी, दुसऱ्या कुणाला उचलू देत नसे.

नाना सहा वर्षांपूर्वी फाल्गुनात गेले. आजार लांबला नाही. त्यांच्या जाण्यानंतर माझी जी अवस्था झाली ती सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण तर्काच्या दृष्टीने ती अगदीच हास्यास्पद होती. मला देवाचा राग आला. ज्याचे अस्तित्व मी मानत नव्हते त्याच्यावर मी दोन-तीन महिने रोज रागावत होते; वर्गात समीकरण सोडवताना मध्येच थांबत होते, रस्त्याने चालताना मनातल्या मनात भांडत होते. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आले की नसलेल्यावर इतक्या सातत्याने रागावता येत नाही. याचा अर्थ देव आहे असा मी काढत नाही. असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी गुण देणार नाही. पण माझ्या आत कुणाशी तरी बोलण्यासाठी ठेवलेली एक जागा आहे, ती मी रिकामी समजत होते आणि ती तशी मुकी नव्हती, एवढे तरी मला मान्य करावे लागले.

त्या काळात शुभचिंतकांनी मला पुष्कळ औषधे सुचवली. कुणी सकाळच्या सत्संगाचे दुवे मोबाइलवर पाठवले, कुणी सात दिवसांच्या शिबिराचे पत्रक आणून दिले, ज्यात जीवनाचा अर्थ चौथ्या दिवशी दुपारी दोन ते चार या वेळात सांगितला जाणार होता. मी एका ठिकाणी जाऊनही आले. वक्ते चांगले बोलले, सभागृह थंड होते, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होते. उत्तरांची ती तत्परताच मला असह्य झाली. मायने त्या दिवसांत मला काहीही सांगितले नाही. सुतक संपल्यावर तिने मुकाट्याने नानांची खाट अंगणात होती तिथेच राहू दिली, आणि पावसाळा येईपर्यंत तिने ती आत घेतली नाही.

आता ती एक्याऐंशी वर्षांची आहे. या वर्षी महाशिवरात्रीच्या यात्रेला मी तिला गाडीने नेले. आधी संगमावर गेलो. हतनूर धरण झाल्यापासून तिथे मागे चढलेल्या पाण्याचा फुगवटा असतो, त्यामुळे तापी कुठे संपते आणि पूर्णा कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. पावसाळ्यात धरणाचे एक्केचाळीस दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात तेव्हाच इथे नदी आहे, ती वाहते, याची आठवण होते. माय पायरीवर बसून पाण्याकडे पाहत राहिली. तिच्या लहानपणी इथे वाळू होती आणि वाळूत टरबुजांचे वेल लावत, असे तिने सांगितले, आणि काठीने पाण्यातली एक जागा दाखवली. मला तिथे इतर जागेसारखेच पाणी दिसले.

कोथळीला रांग फार मोठी होती. दिंड्या आल्या होत्या, टाळमृदंगाच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नव्हते. मायला तासभर उभे राहणे शक्य नव्हते. ती बाहेर सावलीला बसली आणि म्हणाली की माझ्या वाटचे तूच जाऊन ये. मी नकार देऊ शकले असते, पण दिला नाही. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे वारकरी होते, त्यांच्या धोतराला धुळीची रेघ होती. मागे एक तरुण मुलगी कडेवरच्या मुलाला मुक्ताई कुठे आहे ते पुन्हा पुन्हा दाखवत होती, आणि अजून मंदिराचे दारही आलेले नव्हते. सव्वा तासाने मी गाभाऱ्यासमोर पोचले. काय म्हणायचे ते मी रांगेत ठरवले होते, निदान मायच्या वतीने तरी काही म्हणावे असे वाटत होते, पण समोर आल्यावर मला एकही शब्द सुचला नाही, आणि तेवढ्यात सेवेकऱ्याने खांद्याला हात लावून पुढे सरकवले.

बाहेर आले तेव्हा माय पिशवीतून उकडलेली रताळी काढून सालपट सोलत बसली होती. तिने मान वर न करताच विचारले, "काय म्हनी?"

मी म्हणाले, "काहीच नही."

"हां," ती म्हणाली, "मालेबी काही म्हनत नही," आणि सोललेल्या रताळ्याचा मोठा तुकडा माझ्या हातात ठेवून पुढल्या वर्षीची महाशिवरात्र कोणत्या वारी येते ते मोबाइलवर पाहायला सांगितले.